‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ : थाट, लवाजमा आणि इतमाम
(हैदराबादच्या इतिहासाच्या आधारे एका इंग्रजी शब्दप्रयोगाचा अभ्यास)

शाळेचा वार्षिक वृत्तान्त असो, पंचायत समितीचा अहवाल असो किंवा वर्तमानपत्राकडे पाठवावयाचे प्रसिद्धिपत्रक असो, त्यात एक वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘कार्यक्रम मोठ्या थाटामाटात पार पडला.’ हाच मजकूर इंग्रजीत लिहावयाचा झाल्यास ‘विथ ग्रेट पॉम्प अँड शो’ असे शब्द लेखणीतून सहज उतरतात. विवाह, पालखी, पुलाचे उद्‌घाटन, ध्वजवंदन, एखाद्या थोर व्यक्तीचा अंत्यविधी, या सर्वांना एकच माप लावले जाते. परिणामी कोणता प्रसंग आनंदाचा होता, कोणता गांभीर्याचा होता आणि कोठे केवळ देखावा होता, हे वाचणाऱ्यास कळत नाही.

इंग्रजी भाषेत सार्वजनिक वैभवदर्शनासाठी रूढ असलेला शब्दप्रयोग ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ असा आहे. त्याचा नेमका अर्थ काय, तो मराठीत कसा आणावा आणि त्यासाठी मराठीजवळ कोणती शब्दसंपत्ती आहे, याचा विचार शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी व ग्रामीण कार्यकर्ते या सर्वांना उपयुक्त ठरेल. या अभ्यासास हैदराबादइतके योग्य स्थळ दुसरे क्वचितच सापडेल. सार्वजनिक वैभवाचे प्रसंग या नगरीने शतकानुशतके पाहिले आणि ते व्यक्त करणारे कितीतरी शब्द दक्षिणेतील फारसी व उर्दू दरबारी परंपरेतून मराठीत येऊन आपल्या घरचेच झाले.

शब्दप्रयोगाचे मूळ

‘पॉम्प’ हा शब्द ग्रीक भाषेतून लॅटिन व फ्रेंच या मार्गाने इंग्रजीत आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पाठवणी’ किंवा ‘मिरवणूक’ असा आहे. देवतेच्या उत्सवात वाजतगाजत निघणारी मिरवणूक, एवढाच त्याचा आरंभीचा आशय होता. पुढे मिरवणुकीतील वैभवाला हा शब्द लावला जाऊ लागला. त्याच धातूपासून तयार झालेले ‘पॉम्पस’ हे विशेषण मात्र आज इंग्रजीत बहुधा निंदाव्यंजक आहे. स्वतःचा बडेजाव मिरविणाऱ्या मनुष्यास ते लावले जाते.

‘सर्कमस्टन्स’ या दुसऱ्या शब्दाची व्युत्पत्ती अधिक बोधप्रद आहे. लॅटिनमध्ये ‘सर्कम’ म्हणजे सभोवती आणि ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे. जे सभोवती उभे असते ते ‘सर्कमस्टन्स’. एखाद्या घटनेच्या सभोवती ज्या गोष्टी उभ्या असतात त्यांना मराठीत परिस्थिती म्हणतात आणि आजच्या इंग्रजीत हाच अर्थ प्रचलित आहे. परंतु चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ होता. राजाच्या किंवा सेनापतीच्या सभोवती जे उभे असते, म्हणजे भालदार-चोपदार, निशाणे, वाद्ये, अश्व, सलामी आणि मानपान, या सर्वांस मिळूनही ‘सर्कमस्टन्स’ म्हटले जाई.

विल्यम शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ या नाटकाच्या तिसऱ्या अंकात ‘पॉम्प’ व ‘सर्कमस्टन्स’ हे दोन शब्द एकत्र येतात. संशयाने मन पोखरलेला हा सेनानी आपल्या सैनिकी जीवनाचा निरोप घेतो. त्या निरोपात घोडे, रणशिंग, नगारा, ध्वज अशा एकेका गोष्टीचा उल्लेख येतो आणि त्यांच्या जोडीला हे शब्द येतात. म्हणजेच ज्या उद्गारातून हा शब्दप्रयोग प्रसिद्धीस आला, तो वैभवाच्या स्वागताचा नसून त्याच्या वियोगाचा आहे. मराठी रंगभूमीस हे नाटक परके नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी केलेले त्याचे ‘झुंजारराव’ हे रूपांतर सुप्रसिद्ध आहे.

पुढे इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांनी आपल्या लष्करी संचलनगीतांच्या मालिकेस हेच नाव दिले. त्यांपैकी पहिले संचलनगीत १९०१ मध्ये प्रथम वाजविले गेले. १९०५ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाने एल्गार यांना सन्माननीय पदवी प्रदान केली, त्या प्रसंगी ते वाजविण्यात आले आणि तेथून अमेरिकेतील पदवीदान समारंभांशी त्याचे नाते जुळले.

‘परिस्थिती’ नव्हे, ‘लवाजमा’

या शब्दप्रयोगाचे शब्दशः भाषांतर ‘थाट आणि परिस्थिती’ असे केल्यास हास्यास्पद अर्थ निघतो. कोशात दिलेला पहिला अर्थ उचलून ठेवणे म्हणजे भाषांतर नव्हे. शब्द कोणाच्या मुखी, कोणत्या काळी व कोणत्या संदर्भात आला आहे हे पाहूनच त्याचा प्रतिशब्द ठरवावा लागतो.

मराठीत ‘सर्कमस्टन्स’ या जुन्या अर्थासाठी एक तंतोतंत शब्द आहे, तो म्हणजे ‘लवाजमा’. ‘लाझिम’ या अरबी शब्दाचा अर्थ आवश्यक. त्याचे अनेकवचन ‘लवाझिम’, म्हणजे आवश्यक असलेल्या, सोबत असावयासच हव्या अशा गोष्टी. राजा किंवा सरदार बाहेर पडला की त्याच्या पदास अनुरूप जी माणसे, जनावरे व साधने बरोबर असणे आवश्यक मानले जाई, तो लवाजमा. लॅटिन शब्द ‘सभोवती उभे असलेले’ असे सांगतो, तर अरबी शब्द ‘सोबत असणे आवश्यक असलेले’ असे सांगतो. दोन दूरच्या भाषांनी एकच गोष्ट दोन बाजूंनी पाहिली आहे.

एकाच शब्दात समारंभ आणि परिस्थिती हे दोन्ही अर्थ कसे नांदू शकतात, अशी शंका विद्यार्थ्यांना येईल. तिचे उत्तर मराठीतील ‘नौबत’ या शब्दात आहे. ‘नौबत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पाळी किंवा खेप. राजद्वारी ठरलेल्या पाळीने वाजणारा नगारा तो नौबत आणि तो जेथे वाजतो तो नौबतखाना. परंतु ‘दुष्काळात गाव सोडण्याची नौबत आली’ असे वाक्य मराठी माणूस सहज बोलतो. तेथे नगारा वाजत नाही, तेथे वेळ ओढवलेली असते. राजवैभवाचे वाद्य आणि ओढवलेली परिस्थिती, दोहोंसाठी शब्द एकच. हैदराबादेत ‘नौबत पहाड’ नावाची टेकडी आहे. त्या उंचवट्यावरून नगारे वाजवून बादशाही हुकूम जाहीर केले जात, अशी परंपरा सांगितली जाते. या टेकडीच्या परिसरात १९७६ मध्ये बिर्ला मंदिर उभे राहिले. ‘नौबत’ शब्द शिकविताना शिक्षकांना हे नाव उदाहरण म्हणून घेता येईल.

‘जुलूस’ हा शब्दही असाच प्रवास करून आला. अरबीत ‘जुलूस’ म्हणजे बसणे. बादशहाचे तख्तावर बसणे, म्हणजे राज्यारोहण, हा त्याचा दरबारी अर्थ झाला. मोगल नाण्यांवर आणि पुढे आसफजाही नाण्यांवरही राज्यारोहणाचे वर्ष नमूद करताना हा शब्द आढळतो. तख्तारोहणानिमित्त स्वारी निघे, म्हणून स्वारीलाच जुलूस हे नाव पडले. अशा रीतीने ‘बसणे’ हा मूळ अर्थ असलेला शब्द ‘चालणाऱ्या मिरवणुकी’चा वाचक झाला. ‘छबिना’ हा शब्द फारसीतील ‘शबीना’, म्हणजे रात्रीचा, यावरून आला. पूर्वी तो रात्रीच्या पहाऱ्यास लावीत. आज तुळजापूरच्या भवानीचा छबिना म्हटला की भाविकांच्या डोळ्यांपुढे देवीची रात्रीची मिरवणूक उभी राहते. लष्करी छावणीतला शब्द देवळाच्या प्रांगणात आला आणि पवित्र झाला.

भागानगरातील भेट

लवाजमा हा केवळ डोळे दिपविण्यासाठी नसतो. त्यातून न बोलता एक राजकीय अर्थ सांगितला जातो. याचे मराठ्यांच्या इतिहासातील उत्तम उदाहरण हैदराबादेतच घडले. १५९१ मध्ये मुहंमद कुली कुतुबशहाने वसविलेली ही नगरी मराठी कागदपत्रांत ‘भागानगर’ या नावाने येते. १६७७ च्या आरंभी छत्रपती शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर जाताना येथे आले आणि अबुल हसन कुतुबशहाची त्यांनी भेट घेतली. ही भेट घडवून आणण्यात कुतुबशाहीचे कारभारी मादण्णा आणि मराठ्यांच्या बाजूने रघुनाथ नारायण हणमंते व प्रल्हाद निराजी यांचा वाटा होता.

या भेटीचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत आले आहे. बादशहाने नगर शृंगारले, रस्त्यांवर कुंकुम-केशराचे सडे घातले, गुढ्या-तोरणे उभारली. महाराजांनीही आपले सैन्य उंची पोशाख व अलंकार देऊन सजविले. नागरिक दुतर्फा उभे राहिले, स्त्रियांनी ओवाळले आणि महाराजांनी द्रव्य उधळले. या वैभवाच्या आड एक सक्त शिस्त होती. कुतुबशाही मुलखातून जाताना रयतेस यत्किंचितही उपद्रव देऊ नये आणि लागेल ती वस्तू विकत घ्यावी, अशी ताकीद सैन्यास देण्यात आली होती. ज्या फौजेच्या लुटीच्या कथा लोकांनी ऐकल्या होत्या, ती फौज शृंगारलेल्या रस्त्यांवरून शांतपणे चालत गेली. नगरवासीयांस अलंकारांपेक्षाही या शिस्तीचे कौतुक अधिक वाटले असल्यास नवल नाही.

‘सभोवती उभे राहणे’ या अर्थाच्या दृष्टीने या भेटीस आणखी एक पार्श्वभूमी आहे. १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात महाराजांना त्यांच्या योग्यतेस न शोभणाऱ्या रांगेत उभे करण्यात आले होते आणि तो अवमान त्यांनी तेथल्या तेथे बोलून दाखविला होता. दरबारात कोण कोठे उभा राहतो, यावर राज्याराज्यांतील नाते ठरत असे. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी भागानगरात एक अभिषिक्त राजा दुसऱ्या राजास बरोबरीच्या नात्याने भेटला. सामोरे येऊ पाहणाऱ्या बादशहास महाराजांनी वडीलपणाचा मान देऊन सामोरे न येण्याची विनंती केली, असे बखर सांगते. स्वतःचा मान राखून दुसऱ्यास मान देणे, हे या समारंभाचे मर्म होते. त्याचे फळही मिळाले. कर्नाटकाच्या मोहिमेस कुतुबशाहीकडून द्रव्याचे व तोफखान्याचे साहाय्य झाले.

भाषेच्या अभ्यासकास यात आणखी एक धागा सापडतो. राज्याभिषेकानंतर महाराजांनी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करविला. त्या कोशाशीही रघुनाथ नारायण हणमंते यांचेच नाव निगडित आहे. कुतुबशाही दरबाराशी वाटाघाटी करणारा मुत्सद्दी आणि दरबारी शब्दांचा विचार करणारा पंडित एकच असावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शब्द आणि मानपान हे दोन्ही राज्याचेच अंग आहेत, याची जाण त्या पिढीस होती.

आसफजाहीचा दिमाख

कुतुबशाहीनंतर मोगल आणि १७२४ पासून आसफजाही, असा हैदराबादचा सत्तापालट झाला. या काळात वैभवदर्शनास निश्चित नियमांचे स्वरूप आले. मोहरममधील लंगरची मिरवणूक याची साक्ष देते. लंगर म्हणजे जड साखळी. राजपुत्र अब्दुल्ला याला घेऊन पिसाळलेला हत्ती रानात निघून गेला असता त्याची आई हयात बक्षी बेगम हिने नवस केला आणि पुत्र सुखरूप परतल्यावर सोन्याची साखळी मिरवीत नेऊन अर्पण केली, अशी कथा सांगितली जाते. मातेच्या नवसाची ही मिरवणूक निजामांच्या राजवटीत सैन्याच्या भव्य संचलनाचे रूप पावली. आईच्या भक्तीतून निघालेला आचार राज्याच्या सामर्थ्याचे प्रदर्शन कसा होतो, हे येथे दिसते.

चौमहल्ला राजवाड्यातील खिलवत हे निजामांच्या दरबाराचे स्थान. तेथे उमराव व अधिकारी नजर पेश करीत. कोणी कोठे उभे राहावे, किती पावले पुढे यावे, कोणता पोशाख करावा, याचे दंडक होते. या पूर्ण दरबारी पोशाखासाठी मराठीत ‘जामानिमा’ हा शब्द आहे. ब्रिटिश साम्राज्यात तर मान तोफांच्या संख्येने मोजला जाई. एकवीस तोफांची सलामी असलेली संस्थाने अखेरीस पाच होती. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर आणि काश्मीर ही ती पाच संस्थाने होत.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव फेब्रुवारी १९३७ मध्ये साजरा झाला. जगातील अत्यंत धनाढ्य पुरुष म्हणून त्यांचे चित्र अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याच महिन्यात झळकले. हेच निजाम वैयक्तिक राहणीत अतिशय काटकसरी व साध्या कपड्यांत वावरणारे म्हणून प्रसिद्ध होते. यावरून भाषेचा एक नियम सांगता येतो. लवाजमा हा पदाचा असतो, व्यक्तीचा नव्हे. दिमाख मात्र व्यक्तीचाही असू शकतो. ‘निजामांचा लवाजमा मोठा होता’ हे वाक्य खरे ठरते, पण ‘निजाम भपक्याने राहत’ हे त्या सातव्या निजामांपुरते खरे ठरत नाही.

समारंभांच्या पलीकडची स्थिती वेगळी होती. त्या वेळच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठी भाषक जिल्हे होते. मातृभाषेतील शिक्षणासाठी आणि सभास्वातंत्र्यासाठी लोकांना झगडावे लागत होते. हैदराबाद शहरात १९०७ मध्ये स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी मराठी शिक्षणाचा दीप तेवत ठेवला. रौप्यमहोत्सवाच्या दुसऱ्याच वर्षी, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांची चळवळ झाली. समारंभाच्या नगाऱ्यात लोकांचा आवाज काही काळ बुडतो, पण कायमचा बुडत नाही.

हात जोडण्याचा अर्थ

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. फेब्रुवारी १९४९ मध्ये उपपंतप्रधान सरदार वल्लभभाई पटेल हैदराबादला आले, तेव्हा निजाम स्वतः बेगमपेठ विमानतळावर त्यांच्या स्वागतास गेले. त्या प्रसंगाचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध आहे. निजाम हात जोडून उभे आहेत आणि सरदारही हात जोडून नमस्कार करीत आहेत.

अंबारी, नौबत, तख्त यांतले काहीही त्या चित्रात नाही. तथापि जन्मभर इतरांची नजर स्वीकारणारा राजा लोकांच्या प्रतिनिधीस सामोरा येऊन नमस्कार करतो, यात एका युगाची समाप्ती सामावलेली आहे. समारंभाचा आशय लवाजम्याच्या विस्तारावर अवलंबून नसतो, हे या एका नमस्काराने दाखविले. पुढे २६ जानेवारी १९५० पासून निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे आता अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी आहेत.

मराठी शब्दांची प्रतवारी

‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ या एका इंग्रजी शब्दप्रयोगासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. ते परस्परांचे पर्याय मात्र नाहीत. त्यांच्या अर्थच्छटा पुढीलप्रमाणे होत :

१. थाट, थाटमाट : आनंदाच्या प्रसंगातील सजावट व उत्साह. विवाह, उत्सव, वाढदिवस यांना योग्य. शोकप्रसंगी सर्वस्वी अयोग्य.

२. लवाजमा : पदाबरोबर येणारी माणसे, वाहने व साधने. हा शब्द वर्णनात्मक आहे. संदर्भाप्रमाणे त्यात आदर किंवा उपरोध येतो.

३. इतमाम : पदास व कर्तृत्वास साजेसा सन्मान. ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ या प्रयोगात हा शब्द रूढ झाला आहे. उर्दूत ‘एहतिमाम’ म्हणजे काळजीपूर्वक केलेली व्यवस्था. त्याच्याशी नाते सांगणारा हा मराठी शब्द आजही गांभीर्य जपून आहे.

४. दिमाख, डौल, रुबाब : चालण्या-बोलण्यातील व एकूण दर्शनातील तेज. ‘दिमाख’ हा अरबीत मेंदूचा वाचक होता, मराठीत तो ऐटीचा वाचक झाला. ‘दिमाखदार संचलन’ हा प्रयोग प्रशंसापर आहे.

५. डामडौल, बडेजाव, भपका : ऐपतीपेक्षा अधिक किंवा गरजेपेक्षा जास्त केलेला देखावा. वासाचाही भपका येतो आणि क्षणात विरतो, देखाव्याच्या भपक्याची गतही तीच.

६. अवडंबर, स्तोम : मूळ हेतू बाजूस सारून बाह्योपचार माजविणे. संस्कृतात ‘आडंबर’ हे एका मोठ्या वाद्याचे, नगाऱ्याचे नाव होते आणि ‘स्तोम’ म्हणजे स्तुती. आवाज व स्तुती प्रमाणाबाहेर वाढली की काय होते, हे या दोन शब्दांच्या इतिहासातच लिहिलेले आहे.

या उतरंडीत पहिल्या पायरीवर आनंद आहे, मध्ये सन्मान आहे आणि अखेरीस दोष आहे. लिहिणाऱ्याने आपला प्रसंग कोणत्या पायरीवर आहे हे आधी ठरवावे व मग शब्द निवडावा.

व्यवहारातील उपयोग

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. मराठीतून कारभार चालावा यामागील हेतू असा की, ज्याच्यासाठी कारभार चालतो त्या नागरिकास तो समजावा. इंग्रजी साच्यातील वाक्ये मराठी शब्दांत ओतल्याने हा हेतू सफल होत नाही.

‘माजी सैनिकाचा अंत्यविधी मोठ्या थाटात झाला’ असे वाक्य वाचून त्या कुटुंबास काय वाटेल, याचा विचार करावा. तेथे ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले, पोलीस पथकाने मानवंदना दिली’ असे लिहिले पाहिजे. इंग्रजीतही अशा प्रसंगी ‘पॉम्प अँड शो’ न म्हणता ‘विथ स्टेट ऑनर्स’ असे म्हणतात. ‘पॉम्प अँड शो’ हा प्रयोग भारतीय इंग्रजीत फार रुळला आहे. तो समजतो हे खरे, परंतु त्यातील ‘शो’ या शब्दाने देखाव्याची छटा येते. गौरवपर मजकुरात ‘पॉम्प अँड सेरिमनी’ किंवा ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ हे प्रयोग अधिक सुसंस्कृत ठरतात आणि तेही विपुल वापरल्यास हास्यास्पद होतात.

दुसरे उदाहरण १७ सप्टेंबरचे घेता येईल. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा वृत्तान्त ‘थाटामाटात साजरा’ या दोन शब्दांत संपविणे हा त्या दिवसाचा अपमान होय. १९४६ मध्ये अर्धापूर येथे हुतात्मा झालेले गोविंदराव पानसरे, ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांच्या अत्याचाराविरुद्ध लिहिल्याबद्दल प्राणांस मुकलेले संपादक शोएबुल्ला खान, अशा नावांचे स्मरण त्या वृत्तान्तात असावे. आपल्या गावातील स्वातंत्र्यसैनिकांची नोंद असावी. ध्वज किती उंच होता यापेक्षा तो कोणामुळे उभा राहिला हे महत्त्वाचे आहे.

तिसरे उदाहरण विकासकामांचे. विहिरीच्या किंवा बंधाऱ्याच्या शुभारंभाचे वर्णन करताना मंडप, हारतुरे व वाजंत्री यांनी अर्धे पान भरते आणि काम कोणते, खर्च किती, पाणी कोणत्या शिवारास मिळणार, हे शेवटच्या ओळीत येते किंवा येतच नाही. ‘भव्य’, ‘दिव्य’, ‘अभूतपूर्व’ ही विशेषणे गाळून तेवढ्या जागेत हे आकडे दिल्यास ग्रामस्थ तो अहवाल जपून ठेवतील. ‘ऋण काढून सण’ करू नये, ही म्हण पैशाप्रमाणेच शब्दांनाही लागू आहे. प्रत्येक किरकोळ प्रसंगास मोठे शब्द खर्च केले, तर खरोखर मोठ्या प्रसंगी भाषेची तिजोरी रिकामी आढळते.

मिरवणूक, नौबत, ध्वज, सलामी यांना लोकजीवनात स्थान आहे आणि ते असावे. पालखीचा थाट गावास एकत्र आणतो, संचलनाचा दिमाख मुलांच्या मनात अभिमान जागवितो, इतमामातील निरोप दुःखी कुटुंबास धीर देतो. आक्षेप आहे तो रिकाम्या भपक्याला आणि त्याला मानाचा शब्द बहाल करणाऱ्या लेखणीला. भागानगरातील शृंगारामागे रयतेस उपद्रव न देण्याची शिस्त होती आणि बेगमपेठच्या नमस्कारामागे लोकांची सत्ता होती. समारंभाचे वर्णन करताना त्याच्या सभोवती काय उभे आहे एवढे पाहून थांबू नये. ज्यासाठी ते सारे उभे आहे ते मध्यभागी आहे की नाही, हेही पाहावे.

स्वाध्याय

१. ‘नौबत’, ‘जुलूस’ व ‘छबिना’ या शब्दांचे मूळ अर्थ सांगून आजच्या अर्थाने त्यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा.

२. पुढील वाक्यांतील गाळलेल्या जागी थाट, लवाजमा, इतमाम, अवडंबर यांपैकी योग्य शब्द योग्य रूपात लिहा :
(अ) पाटलांच्या मुलीचे लग्न मोठ्या —— झाले.
(आ) हुतात्मा जवानावर शासकीय —— अंत्यसंस्कार झाले.
(इ) पाहुण्यांबरोबर गाड्यांचा मोठा —— होता.
(ई) स्वच्छतेपेक्षा स्वच्छतेच्या फलकांचेच —— माजले.

३. आपल्या गावातील अलीकडच्या एखाद्या कार्यक्रमाचा दहा ओळींचा वृत्तान्त ‘भव्य’, ‘दिव्य’ व ‘थाटामाटात’ हे शब्द न वापरता लिहा. झालेले काम, झालेला खर्च आणि उपस्थितांची संख्या यांचा उल्लेख त्यात अवश्य करावा.